शाळेत दिवसभर उभं राहायचं, साडी नेसायची, टाच दुखते. पायात काय घालावं?

खानापूरच्या बाई
नमस्कार. माध्यमिक शाळेत शिकवते. दिवसाला सहा तास, बहुतेक वेळ उभ्यानेच, खाली शहाबादी फरशी. बेळगावहून बसने जाणं-येणं आणि स्टँडपासून शाळेपर्यंत रोज जाऊन-येऊन दोनेक किलोमीटर चालणं. साडी सक्तीची. सध्या दोन इंच टाचेची, पुढून निमुळती बंद बेली वापरते. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना उजवी टाच सणकून दुखते, जरा चाललं की कमी होते. डाव्या करंगळीवर भोवरीही झाली आहे.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. निपाणी-अथणीकडची कोल्हापुरी घेतली तर चालेल का? दुकानात मेमरी फोमची गादी दाखवतात, ती घ्यावी का? साडीवर विचित्र दिसणार नाही असं काही मिळतं का? आणि जून ते सप्टेंबर इकडच्या पावसात काय वापरायचं? खर्च दोन हजारांपर्यंत.

टिळकवाडी फिजिओ
बाई, सकाळच्या पहिल्या पावलांना टाच दुखणं आणि चालल्यावर कमी होणं हे लक्षण बहुतेक वेळा तळपायातल्या पडद्याच्या सुजेचं असतं. हा जाड पडदा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेला असतो आणि पायाची कमान धरून ठेवतो. रात्रभर पाऊल सैल पडलं की तो आखडतो. सकाळी एकदम वजन आलं की टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलेला असतो तिथे ओढ बसते आणि कळ येते.

आता चपलेकडे वळू. टाच जितकी उंच तितकं वजन पुढे चवड्यावर सरकतं. दोन इंचांच्या टाचेत पोटरीचा स्नायू दिवसभर आखूड अवस्थेत राहतो. घरी येऊन अनवाणी फिरलं की तोच स्नायू ओढला जातो आणि त्याची ओढ टाचेवर येते. त्यामुळे उंच टाच सोडून एकदम कागदासारख्या पातळ सपाट चपलेवर उडी मारू नका. दुखणं वाढतं, आणि मग लोक म्हणतात की उंच टाचच बरी होती. टाचेखाली अडीच-तीन सेंटीमीटर आणि चवड्याखाली एक-दीड सेंटीमीटर जाडी हवी. म्हणजे दोन्हींतला फरक साधारण दीड सेंटीमीटरच राहतो, तो पायाला सोसतो.

मेमरी फोमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुकानात दोन मिनिटं पाय ठेवून जे गुबगुबीत लागतं, ते चौथ्या तासाला दबून सपाट झालेलं असतं. अंगठ्याने दाबल्यावर अर्ध्याहून जास्त आत जाणारी गादी दिवसभर उभं राहणाऱ्याच्या कामाची नाही. थोडी कडक, पण दाबून सोडली की लगेच वर येणारी गादी हवी. खालचा तळही घट्ट पाहिजे, नाहीतर पाऊल आतल्या बाजूला कलंडत राहतं आणि पडद्यावर ताण येतच राहतो.

उठण्याआधी अंथरुणातच टॉवेल चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा, तीस सेकंद, तीन वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम दिवसातून दोनदा, तोही तीस सेकंद धरून, मागची टाच जमिनीवरून न उचलता. घरात फरशीवर अनवाणी फिरणं काही महिने बंद ठेवा, घरात घालायला वेगळी मऊ चप्पल ठेवा. बाहेरची कितीही चांगली घेतलीत आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन तास अनवाणी उभ्या राहिलात तर फरक पडणार नाही.

भोवरी ब्लेडने कापू नका. करंगळीवर दाब आहे तोवर ती पुन्हा पुन्हा येणार. पुढून रुंद चप्पल घातली की बऱ्याचदा ती आपोआप कमी होते. मधुमेह असेल तर मात्र औषधाच्या दुकानात मिळणारी कॉर्न कॅप लावूच नका. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं, आणि पायाला बधिरपणा असला तर जखम झालेली कळत नाही.

खडेबाजार दुकानदार
मॅडम, फिजिओ सरांनी पायाचं सांगितलं, मी मापाचं सांगतो. निम्म्या तक्रारी नंबर चुकल्यामुळे येतात.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, सकाळी बरोबर बसलेली चप्पल चार वाजता चावते. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभ्या राहा, अंगाचं वजन दोन्ही पायांवर सारखं. पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड काढायची. पेन्सिल आत कलली तर माप पाच-सहा मिलिमीटरने चुकतं. दोन्ही पावलं काढा, कारण फार कमी लोकांची दोन्ही सारखी असतात. लांबी टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. कित्येकांचं अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असतं आणि तेच बंद चपलेत पुढे आपटतं. रुंदी चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाची घ्या.

आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, युरोपियन नंबरात पावणेसात. म्हणून अधेमध्ये बसणाऱ्या पायाला युरोपियन मापाची चप्पल कधी कधी जास्त नेमकी बसते. बंद चपलेत सगळ्यात लांब बोटापुढे एक सेंटीमीटर मोकळी जागा पाहिजे. उघड्या सँडलला पाच मिलिमीटर पुरे, पण टाच आणि बोटं तळाच्या कडेबाहेर येता कामा नयेत.

मापाचा कागद कापून घेऊन दुकानात या. चप्पल उलटी करून तळावर तो कागद ठेवा. चवड्याच्या जागी कागद तळाच्या बाहेर आला तर ती चप्पल तुमच्या पायाची नाही, नंबर कितीही मोठा घेतला तरी. रुंदी कमी पडते म्हणून लांबी वाढवतात, इथंच गडबड होते. पाऊल आत पुढे-मागे घसरतं, चप्पल सांभाळायला बोटं आकसून धरावी लागतात आणि टाचेला फोड येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांची पावलं मोजली, त्यात आपली पावलं युरोपियनांपेक्षा रुंद निघाली. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. ती मापं दुकानात येईपर्यंत कागद कापून आणणं हाच सोपा उपाय.

दुकानात करायच्या तीन गोष्टी. एक, टाच आणि टोक धरून चप्पल वाकवा. ती चवड्याच्या जागी वाकली पाहिजे. मध्यभागी, कमानीखाली दुमडली तर आत आधाराची पट्टीच नाही, ठेवून द्या. दोन, ओलं फडकं पिळतो तशी पिळून बघा, सहज पिळली गेली तर नको. तीन, बंद असेल तर टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो घट्ट हवा. मग पाच मिनिटं कडक फरशीवर चाला. दुकानातल्या गालिच्यावर चालून काही कळत नाही. 'वापरून सैल होईल' असं विकणारा म्हणाला तर चामड्यात थोडं खरं आहे, रेक्झिनमध्ये अजिबात नाही.

तळ कशाचा आहे ते विचारा. ईव्हीए हलकं आणि मऊ, पण रोज उभं राहणाऱ्याच्या टाचेखाली काही महिन्यांत कायमचं दबतं. पीयू थोडं जड, जास्त टिकतं, बाईंच्या कामाला मी पीयू देईन. पीव्हीसी स्वस्त, कडक, आणि ओल्या फरशीवर घसरतं. पीयूत एक खोट आहे, ती आपल्या दमट हवेत जास्त दिसते: न वापरता वर्षानुवर्षं डब्यात राहिलं तर ओलाव्याने आतून कुजतं आणि एके दिवशी तळ भुगा होऊन गळतो. म्हणून डब्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. सेलमधला दोन-तीन वर्षं जुना माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, आणि घरीही 'समारंभाला' म्हणून नवी जोडी जपून ठेवू नका.

दराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झाला. हजाराच्या वरच्या जोडीवर आधी १८ होता. दीड-दोन हजारांत मागे पट्टा असलेली चांगली सँडल मिळते.

अथणीकर
राम राम बाई. कोल्हापुरीचं विचारलंत म्हणून लिहितो. नाव कोल्हापूरचं असलं तरी २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपल्याकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी तालुक्यात घरोघरी हे काम चालतं. वेणी नि शिवण बहुतेक बायकांच्या हातची.

आता खरं सांगायचं तर टाच दुखत असताना सहा तास फरशीवर उभं राहायला कोल्हापुरी घेऊ नका. तळ बाभळीची साल नि हिरडा लावून कमावलेल्या म्हशीच्या कातड्याचा. ते कातडं टिकाऊ, वापरेल तसं पावलाचा ठसा घेतं, पण धक्का शोषत नाही. शहाबादीवर पाय पडला की धक्का सरळ टाचेच्या हाडाला. तिचा फायदा वेगळा आहे: पुढून रुंद, बोटांना कुठे अडचण नाही, त्यामुळे भोवरीवाल्या पायाला बरी. टाच बरी झाली की घरच्या कार्यक्रमाला, बाजाराला खुशाल वापरा.

घ्यायची झाली तर कड निरखून बघा. अस्सल चपलेच्या कडेला कातड्याचे थर नि तंतू दिसतात. नकलीत मधे पुठ्ठा असतो, नखाने उकरला की कागद सुटतो. तळाची शिवण चामड्याच्या वादीने घातलेली असते, खिळा कुठेच नाही. खिळा दिसला तर पुढे बघू नका. अंगठ्याचा पट्टा घट्ट वाटला तर चालतो, दोन आठवड्यांत बसतो. पण पंजावरचा रुंद पट्टा पहिल्याच दिवशी सैल असेल तर ती चप्पल पुढे पायातून निघणार.

नवी कोल्हापुरी चावते ती दोन ठिकाणी, अंगठ्याच्या मुळाशी आणि पट्ट्याच्या कडेला. रात्री पट्ट्याला आतून-बाहेरून एरंडेल किंवा खोबरेल बोटाने चोळा, कापूस ओला होईल इतकंच. सकाळी पुसून घ्या. असं तीन-चार रात्री. घरात अर्धा तास, मग तास, असं वाढवत न्या. तेल तळाला ओतू नका. तळ फुगतो, थर सुटतात, नि साडीच्या काठाला डाग पडतात. इलकलची साडी असेल तर डाग जाता जात नाही.

चर्मकाराकडून खाली चार-पाच मिलिमीटर रबर चिकटवून घेतलं की घसरत नाही आणि तळ झिजत नाही. रबर चिकटवण्याआधी तळ कानशीने खरवडून, सोल्यूशन दोन्हीकडे लावून दहा मिनिटं सुकू द्यायला सांगा. ओल्या सोल्यूशनवर घाईने चिकटवलेलं रबर महिन्यात उकलतं. पावसात मात्र रबर असलं तरी कोल्हापुरी नको. पाणी शिवणीतून आत जातं, वादी कुजते.

खानापूरच्या बाई
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी माप घेतलं. उजवं पाऊल २३.६ सेंटीमीटर, डावं २३.२. रुंदी ९.५. बेलीच्या तळावर कागद ठेवला, दोन्ही बाजूंनी बाहेर येतोय. नंबर कोणता धरू? आणि मधुमेह नाही, पण सासूबाईंना आहे. त्यांनाही चप्पल घ्यायची आहे.

खडेबाजार दुकानदार
मोठ्या पावलावर जा, ५ नंबरापासून सुरुवात करा, म्हणजे युरोपियन ३८. प्रत्येक कंपनीचा फर्मा, म्हणजे चप्पल घडवायचा पावलाच्या आकाराचा साचा, वेगळा असतो, त्यामुळे ५ कुठे घट्ट, कुठे सैल निघेल. नंबरावर अडून बसू नका. ९.५ रुंदीला 'वाइड' लिहिलेली जोडी मागा, किंवा पुढच्या पट्ट्याला वेल्क्रो नाहीतर बक्कल असलेली घ्या म्हणजे रुंदी कमी-जास्त करता येते. दोन पावलांत चार मिलिमीटरचा फरक आहे, त्याला दोन वेगळे नंबर लागत नाहीत. डाव्या पायाचा मागचा पट्टा एक भोक आत ओढला की झालं.

टिळकवाडी फिजिओ
सासूबाईंचं वेगळं बघा. आधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. एक बारीक नायलॉनचा तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी असेल तर एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल हवी, मागे पट्टा असलेली, दोन बोटांमध्ये खुंटी नसलेली. खुंटीने बोटांच्या बेचक्यात घासून झालेली जखम त्यांना जाणवणार नाही. खिळे मारलेली चप्पल अजिबात नको. घालण्याआधी रोज हात फिरवून आत खडा वगैरे नाही ना ते बघायचं. नवी चप्पल पहिले काही दिवस एक-दोन तासच, आणि काढल्यावर तळपाय आरशात बघायचा, लाल झालेली जागा दिसली तर घालणं थांबवायचं.

शहापूरची सून
ताई, साडीचं मी सांगते, कारण त्याचा विचार दुकानात कोणी करत नाही. आत्ता तुमच्या निऱ्या दोन इंच टाचेच्या हिशोबाने बसतात. तीन सेंटीमीटरवर आलात की साडी दोनेक सेंटीमीटरने खाली लोळणार, फॉल चिखलाने खराब होणार आणि जिना चढताना काठ पायाखाली येणार. नवी चप्पल घालूनच साडी नेसायची आणि परकराची नाडीही त्याच हिशोबाने थोडी वर बांधायची.

वेल्क्रोची टोकं नीट दाबली नाहीत तर साडीचा काठ हमखास अडकतो, सुती आणि रेशमी दोन्ही साड्यांचे धागे ओढले जातात. वेल्क्रो असलीच तर तिची खरखरीत बाजू पूर्ण झाकलेली हवी. बक्कल असेल तर पायाच्या बाहेरच्या बाजूला असावं, आतल्या बाजूचं बक्कल दुसऱ्या पायावरच्या निऱ्यांना घासतं. रंग फिकट तपकिरी किंवा काळा घ्या. साडीखालून फक्त पुढची दोन बोटं आणि पट्ट्याची कड दिसते, तळ जाड आहे की पातळ हे वर्गात कोणाला दिसत नाही. शाळेत एक जोडी ठेवता आली तर फारच उत्तम. चालायला स्पोर्ट शू आणि वर्गात सँडल.

उद्यमबाग शिफ्ट
मधेच विचारतो. कारखान्यात लोखंडी टोकाच्या सेफ्टी शूने बोटं आखडतात. मोठा नंबर घेऊ का?

खडेबाजार दुकानदार
अण्णा, लोखंडी टोपी सैल होत नाही, म्हणून रुंदी पहिल्या दिवशीच पुरी पाहिजे. जाड सुती मोजा घालूनच माप द्या. वाकल्यावर टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल तर तो फर्मा तुमचा नाही, दुसऱ्या कंपनीचा बघा. नुसता नंबर वाढवला तर टाच वर-खाली होते. आयएस १५२९८ चा शिक्का बघून घ्या आणि आतली गादी काढता येणारी असेल तर झिजली की तेवढीच बदला.

जांबोटी घाट
पावसाचं राहिलं. खानापूरकडच्या पावसात एक जोडी पुरत नाही, बाई. ओली झालेली जोडी एका रात्रीत सुकत नाही आणि तीच सकाळी घातली की बेचक्यात चिखल्या होतात. दोन जोड्या आलटून-पालटून वापरा. रस्त्यासाठी खाली खोल खाचांचा रबरी तळ असलेली, मागे पट्ट्याची, पाणी निथळेल अशी सँडल. लाल चिखल खाचांत भरला की तळ गुळगुळीत होतो, म्हणून शाळेच्या दारात काडीने खाचा मोकळ्या करा. शहाबादी ओली असली की तिथेच पाय सटकतो.

सुकवताना आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, दोन तासांनी बदला. पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलं तर सोल्यूशन सुटतं आणि चामडं तडकतं. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. खाज आणि पांढरी कातडी दिसली तर बुरशीवरचं मलम लागतं, नुसत्या पावडरने भागत नाही.

खानापूरच्या बाई
शेवटचं. ही बेली नवीच आहे, टाकवत नाही. चर्मकाराकडून टाच कापून एक इंच करून घेता येईल का? आणि करंगळीच्या जागी ताणून?

अथणीकर
टाच पाच-सहा मिलिमीटरपर्यंत कमी करता येते, त्यापुढे नाही. बेलीचा तळ दोन इंचांच्या उतारावर घडवलेला असतो, आत टाचेपासून चवड्यापर्यंत पट्टी असते, तीही त्याच वाकाची. टाच एक इंच कापली की पुढचं टोक वर उचललं जातं, पट्टीचा वाक चुकतो नि कमानीखाली पोकळी राहते. चालताना मागे कलल्यासारखं होतं आणि टाच अजून दुखेल. ताणायचं म्हणाल तर वरचं चामडं असेल तर फर्म्यावर दोन रात्री ठेवून करंगळीपुरतं चार-पाच मिलिमीटर सुटतं. रेक्झिन असेल तर ते परत मूळ जागी येतं किंवा फाटतं. तळ मात्र अरुंदच राहणार, नि कागद बाहेर येतोय म्हणालात ना? तर ही जोडी तुमच्यापेक्षा अरुंद पावलाच्या कुणाला तरी द्या.